जुने भरतकामाचे नमुने दिवाळीच्या तोरणावर आणि कंदिलावर कसे उतरवावेत

प्रश्न असा आहे: आजीच्या ट्रंकेत भरतकामाच्या नमुन्यांचा गठ्ठा सापडला. काही इस्त्रीने उमटणारे पातळ कागद, काही भोकं पाडलेले बटर पेपर, काही चौकटींचे आलेख. कागद पिवळे पडलेत. यातून दिवाळीसाठी तोरण, आकाशकंदील, उशांचे अभ्रे करता येतील का? कापड आणि दोरा कोणता घ्यावा? जमलं तर पुढे विकताही येईल का?

करता येईल. पण गठ्ठ्यातला आवडलेला नमुना उचलून तसाच कापडावर उतरवू नका. हे नमुने बहुतेक अभ्र्याच्या कोपऱ्यासाठी, टेबलक्लॉथसाठी, हातरुमालासाठी काढलेले असतात, म्हणजे हातभर अंतरावरून बघायचे. तोरण डोक्याच्या वर लागतं आणि लोक ते चपला काढता काढता बघतात. कंदिलात तर उजेड मागून येतो. जुने नमुने वापरून केलेल्या वस्तू फसतात त्या बहुतेक वेळा टाका वाईट म्हणून नाही, तर अंतराचा आणि उजेडाचा विचार न केल्यामुळे.

आधी गठ्ठा निवडा

तीन ढीग करा.

पहिला ढीग इस्त्रीच्या कागदांचा. मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने १८७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली, आणि पुढे मासिकांबरोबर असे कागद फुकट मिळू लागले. कागद पतंगाच्या कागदाइतका पातळ असतो, रेषा निळी, चंदेरी किंवा पिवळट असते आणि बोट फिरवलं तर किंचित उठलेली लागते. त्यावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं असतं. ‘गुड नाइट’ किंवा ‘स्वीट ड्रीम्स’ अशी अक्षरं असतील तर लगेच कळतं. नमुन्याजवळ बहुधा एखादा आकडा किंवा छोटं फूल वेगळं छापलेलं असतं, ते चाचणीसाठीच. तेवढाच तुकडा कापून धुतलेल्या सुती चिंधीवर उपडा ठेवा, वाफ बंद करून इस्त्री सुतीच्या तापमानावर १० सेकंद दाबून धरा आणि सरळ वर उचला. इस्त्री सरकवली की रेषा दुहेरी उमटते. फिकट उमटलं तर दुसऱ्या तुकड्यावर २० सेकंद. तरीही नाही उमटलं तर शाई वाळून गेली आहे, नाद सोडा.

उमटलं तरी माझा सल्ला असा की मूळ कागद इस्त्रीखाली घालू नका. एक-दोनदा वापरला की तो संपतो. शिवाय ही शाई धुऊन निघेलच याचा भरवसा नसतो, त्यामुळे प्रत्येक रेषा दोऱ्याखाली पूर्ण झाकावी लागते आणि नमुन्यात काही गाळायची सोय राहत नाही. बटर पेपरवर गिरवा, तो उलटा करा, म्हणजे चित्र सुलट होईल. हा उलटा करायचा टप्पा लोक हमखास विसरतात. फुलाला फरक पडत नाही, पण समोरासमोरचे दोन मोर वेगवेगळे गिरवले आणि एकच उलटा करायचा राहिला की दोघंही एकाच दिशेला बघू लागतात.

दुसरा ढीग टोचलेल्या खाक्यांचा. बटर पेपरवर सुईने बारीक भोकं पाडलेली असतात आणि त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा सफेदा बोळ्याने फिरवत. हे खाके पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच असतात. उजेडासमोर धरा. जिथे भोकं बुजली आहेत तिथे घडी केलेल्या घोंगडीवर ठेवून १० नंबरच्या सुईने पुन्हा टोचा आणि मागे आलेला खरखरीतपणा बारीक पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासा. रॉकेलच्या भानगडीत आता पडायचं कारण नाही. गडद कापडावर खडूची पूड, फिकट कापडावर अगदी थोडी कोळशाची पूड कापसाच्या बोळ्याने थापटा. घासू नका, थापटा. कागद सरळ वर उचला, ठिपके पेनने जोडा आणि मग पूड झटका. कोणी रॉकेल वापरलंच तर कापड दिवसभर मोकळ्या हवेत वाळू द्या. तोवर इस्त्री नाही आणि जवळपास पणती तर नाहीच.

तिसरा ढीग आलेखांचा, म्हणजे चौकटीत फुल्या किंवा काळे-पांढरे चौकोन असलेले. यात फुलीच्या टाक्याचे असतात तसे जाळीच्या क्रोशाचेही असतात. क्रोशाचे टाकू नका. भरलेला चौकोन म्हणजे एक फुली धरली की एकरंगी भरतकामाला ते उत्तम चालतात, आणि त्यांची आकृती ठसठशीत असल्यामुळे लांबून दिसतेही छान. कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडच्या घरातला गठ्ठा असेल तर यात कसुतीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दोरे मोजून घालायच्या भरतकामाचे नमुनेही निघतील: गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती. ते वेगळे काढून ठेवा, कंदिलासाठी त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. का, ते पुढे येईल.

कामाला लागण्यापूर्वी सगळ्याचे फोटो काढा. कागद पांढऱ्या कागदावर पसरा, वर स्वच्छ काच ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, बरोबर वरून फोटो घ्या. मोजपट्टी यासाठी की छापताना मूळ माप परत मिळतं. जुना सेलोटेप ओढून काढू नका, कागदाचा थर सोबत येतो. लॅमिनेशनही नको. मूळ कागद घड्या न घालता गुंडाळून मलमलीत ठेवा. यापुढे काम फक्त नकलेवर.

कोणता नमुना दारावर, कोणता मांडीवर

नमुन्याची झेरॉक्स काढून रात्री, नेहमीच्या दिव्यात, जिथे वस्तू लागणार तिथे चिकटवा आणि सात फूट मागे जाऊन बघा. ज्या रेषांमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर आहे त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतील. एक इंचाचं पान नुसता ठिपका वाटेल. मोठं करायचं तर हिशेब सोपा आहे: हवं ते माप भागिले असलेलं माप, गुणिले १००. ४ इंचाचा मोर साडेपाच इंच हवा असेल तर झेरॉक्सवाल्याला १३८ टक्के सांगा. ए-४ वरून ए-३ करायला १४१ टक्के.

इथेच एक गोची होते. नमुना मोठा होतो, दोरा तेवढाच राहतो. मुळात दोन पदरांनी भरायचा नमुना दीडपट करून पुन्हा दोनच पदरांनी भरला तर तो पेन्सिलीने गिरगटल्यासारखा दिसतो. पदर वाढवा, किंवा दांडी टाक्याऐवजी साखळी टाका घ्या, त्याची रेषा मुळातच रुंद असते. शिवाय काही गाळा. पानाच्या पाच शिरांपैकी मधली एक पुरे. पाकळीतल्या बारीक रेघोट्या काढून टाका आणि मधे गाठीच्या टाक्यांचा एक दाट ठिपका द्या. लहान करताना उलट: १४० टक्क्यांना दिसणारं सगळं ७० टक्क्यांना मावत नाही. दोन रेषांमध्ये किमान २ मिलिमीटर जागा उरत नसेल तर एक रेषा जाऊ द्या.

छत्रीवाली मड्डम बहुतेक प्रत्येक गठ्ठ्यात असते. घेरदार झगा, झालरी, फुलांची कमान, आणि चेहरा मात्र टोपीत लपवलेला, कारण दोऱ्याने बोटभर चेहरा काढणं भल्याभल्यांना जमत नाही. तिची मजा झालरीच्या बारकाव्यात आहे. तिला उशीवर किंवा चौकटीत ठेवा, दारावर ती गेली की नुसता त्रिकोण उरतो. दारासाठी ज्याची बाह्यरेषाच ओळखू येते असं काही घ्या: कलश, कोयरी, कमळ, मोर, आंब्याची डहाळी. विलायती फुलांच्या परडीतूनही घेण्यासारखं असतं. परडी सोडा, खालची वेल उचला आणि तिची किनार करा.

किनारीचा हिशेब कापडावर नको, कागदावर करा. वेलीचा एक फेर पावणेतीन इंचांचा आणि पट्टी ३६ इंचांची असेल तर १३ फेर बसतात आणि फक्त पाव इंच जागा उरते. ती दोन्ही टोकांना अर्धी अर्धी सोडा. सुरुवात नेहमी मध्यापासून करा आणि मध्यावर वेल उलटी फिरवा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी येतात. डावीकडून सुरू केलेली वेल उजवीकडे अर्ध्या फुलात तुटते. सुटीच्या आदल्या रात्री ते उसवायची वेळ येते.

कापड

रेषेच्या नमुन्यांना केसमेंट किंवा जाडसर पॉपलीन. आलेखांना दुसुती, मॅटी किंवा तयार चौकटींचं आयडा कापड. आयडाचा आकडा म्हणजे इंचाला किती चौकटी. ७० बाय ९८ चौकटींचा मोर १४ नंबरवर ५ बाय ७ इंच होतो, तोच ११ नंबरवर साधारण साडेसहा बाय नऊ. उशीवर १४, तोरणावर ११.

दुसुतीवर फुली घालणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासायची. दुकानातल्या दुसुतीत उभे आणि आडवे दोरे सारखे असतीलच असं नाही. ४ इंच लांबी टाचण्यांनी मोजून घ्या आणि दोन्ही दिशांनी दोऱ्यांच्या जोड्या मोजा. समजा उभ्या दिशेने ४४ भरल्या आणि आडव्या दिशेने ४०. मग ४० बाय ४० चौकटींचा चौकोन एका बाजूला ४ इंच आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम ३.६ इंच येईल. फूल असेल तर खपून जातं. वर्तुळ, कलश किंवा स्वस्तिक असेल तर चपटं दिसतं. अशा कापडावर जिथे थोडं लांबट चालेल, जसं की मोराची मान किंवा झाड, ते लांब दिशेने बसवा.

कापड आधी धुवा. रात्रभर साध्या पाण्यात, मग सकाळी गरम पाण्यात अर्धा तास, म्हणजे खळही जाते आणि आटायचं ते आटतं. न धुता भरलं तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, दोरा आटत नाही, आणि भरलेल्या भागाभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. धुण्यात जाईल म्हणून मापापेक्षा दहा टक्के जास्त कापड घ्या.

उमटवणं

फिकट कापडाला काचेच्या टेबलाखाली दिवा लावणं, नाहीतर दिवसा खिडकीची काच, यासारखा उपाय नाही. गडद कापडाला शिंपीकामाचा पांढरा किंवा पिवळा कार्बन. ऑफिसातला निळा-काळा कार्बन वापरू नका, तो मेणकट असतो, धुऊन निघत नाही आणि हात लागेल तिथे पसरतो.

पेनांबाबत सावध. पाण्याने जाणारं निळं पेन चांगलं, पण ते थंड पाण्याने पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री लावली तर रेषा कायमची पक्की होते. आपोआप उडणारं जांभळं पेन मोठ्या कामाला निरुपयोगी, दोन-तीन दिवसांत अर्धा नमुना गायब होतो. उष्णतेने पुसणारं पेन इस्त्री फिरवली की गेल्यासारखं वाटतं, पण शाई कापडातच राहते आणि कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली, रेषा परत दिसू लागतात. पुण्यात त्याने बिघडत नाही. टोरांटोच्या भाचीला पाठवायचं तोरण असेल तर ते पेन बाजूला ठेवा.

दोरा

लडी सहा पदरी आणि ८ मीटरची असते. घेताना हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर दोरा कापा आणि पदर एकेक करून सोडवून मग हवे तितके एकत्र करा. एकदम तीन ओढले की गुंता.

ट्रंकेत जुन्या लड्याही असतील तर दोन चाचण्या करा. एक, दोन्ही हातांत धरून झटका द्या. पटकन तुटला तर तो भरताना सुईच्या नेढ्यातच पिंजणार. दोन, ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबा आणि वरून इस्त्री करा. लाल, मरून आणि गडद निळ्यावर विशेष लक्ष. चिंधीला रंग लागला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर घेऊच नका. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्याने सुती दोऱ्याचा रंग पक्का होतो हा समज आहे, होत नाही. रेशमासारखा चकाकणारा जुना दोरा बहुधा रेयॉनचा असतो. तो ओला झाला की कमकुवत होतो, धुवायच्या वस्तूला नको.

किती लड्या लागतील, हे नमुन्यावरून काढता येतं. एका नमुन्याच्या रेषांवर सुतळी ठेवून लांबी मोजा. दांडी, उलटी टीप आणि साखळी, तिन्ही टाक्यांना रेषेच्या साधारण तिप्पट दोरा जातो, नासधूस धरून चौपट घ्या. तीन पदरांनी भरायचं तर एका लडीचे १६ मीटर होतात, म्हणजे ४ मीटर रेषा. एका पताकेत ६० सेंटिमीटर रेषा असेल तर सात पताकांना ४.२ मीटर, म्हणजे त्या रंगाच्या दोन लड्या. भरीव टाका मात्र या हिशेबात बसत नाही, तो दोरा खातो. एक पाकळी भरून बघा आणि गुणाकार करा. सगळ्या लड्या एकदम घ्या, एकाच क्रमांकाच्या दोन घाण्यांत छटेचा फरक येऊ शकतो.

सुई दोन-तीन पदरांना ७ ते ९ नंबरची टोकदार, १४ नंबर आयडाला २४ नंबरची बोथट. दांडी टाका घालताना दोरा सतत सुईच्या एकाच बाजूला ठेवा, मधेच बाजू बदलली की रेषेचा पीळ उलटा दिसतो. वळणावर टाका ३ मिलिमीटरचा, सरळ रेषेत ५ चालेल. काम थांबवताना रिंग काढून ठेवा, नाहीतर गोल वळ मुरतो.

तोरण

३६ इंची दारासाठी वर ४ इंच रुंदीची पट्टी आणि खाली सात टोकदार पताका, प्रत्येक ५ इंच रुंद, ७ इंच लांब. सात पंचे पस्तीस, दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच मोकळा.

पताका ६ बाय ८ इंच आखा, पण कापू नका. अख्ख्या कापडावर दोन-दोन इंच अंतर सोडून आखा, भरून झाल्यावरच कापा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत पाच बसतात, दोन ओळींना २० इंच, पट्टीला ३७ बाय ९ इंच. आटण्यासकट एक मीटर कापड घेतलं की झालं, आणि दुसऱ्या ओळीत तीन जागा उरतात त्या चाचणीला. अस्तराला तेवढंच साधं सुती कापड.

नमुना साडेतीन इंचांपेक्षा रुंद नको आणि शिवणीपासून पाऊण इंच आत हवा. तो पताकेच्या मध्यावर बसवू नका, थोडा वर घ्या. खालचा भाग निमुळता असल्यामुळे बरोबर मध्यावर ठेवलेला कलश घसरल्यासारखा दिसतो.

भरलेलं कापड आणि अस्तर सुलट बाजूला सुलट ठेवून अर्ध्या इंचावर शिवा, वरची बाजू उघडी. टोकाशी येताना सुई रोवून एकदम वळवू नका, टोकावर एक आडवा टाका घालून मग वळा. टोक उलटवल्यावर ते गोळा होण्याऐवजी टोकदार येतं. टोकाचं जादा कापड पाव इंचाहून कमी ठेवून कापा, उलटवा, विणकामाच्या सुईच्या मागच्या बाजूने कोपरा ढकला. कात्रीच्या टोकाने ढकललं की ती बाहेर येतेच. इस्त्री नेहमी जाड टॉवेलवर, भरलेली बाजू खाली ठेवून, नाहीतर गाठीचे टाके चपटे होतात.

पट्टी लांबीत दुमडा, पताकांच्या उघड्या कडा तिच्या आत घेऊन टीप मारा. दुमडीपासून एक इंच खाली आणखी एक टीप मारली की पडद्याची बारीक सळई घालायला नळी तयार होते. सळईशिवाय तोरण मधे झोळी मारतं. प्रत्येक टोकाला एक छोटा घुंगरू लावा. आवाजासाठी नाही, वजनासाठी. पंख्याच्या वाऱ्याने पताका उलटून अस्तर दिसत राहतं ते थांबतं.

कंदील

इथे जुने नमुने सगळ्यात जास्त दगा देतात आणि सगळ्यात सुंदरही दिसतात.

दिवसा भरतकामाची पुढची बाजू दिसते. रात्री आत दिवा लागला की मागची. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेलेला दोरा, मागच्या गाठी, खोसलेली टोकं, सगळं काळ्या रेघांसारखं समोर उमटतं. शिवणीचं जादा कापडही काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. रंग जवळजवळ राहतच नाहीत. फिकट पिवळा, अबोली नाहीसे होतात आणि गडद दोरा, कुठल्याही रंगाचा असो, काळा दिसतो. म्हणून कंदिलाला नमुना निवडताना रंग विसरा. झेरॉक्सवर आकृती काळ्या स्केचपेनने भरून टाका. तरीही ओळखू आली तर घ्या.

यावर दोन उपाय आहेत. पहिला कसुतीचा. तिच्या गवंटी टाक्यात आधी एक एक घर सोडत साधा धावदोरा घालायचा, मग त्याच वाटेने परत येत सुटलेली घरं भरायची. गाठ घालायचीच नाही; टोक धावदोऱ्यातच दडवायचं. दोन्ही बाजू सारख्या. मुरगीतही तसंच, फक्त पायऱ्या पायऱ्यांनी. इरकली साडीच्या पदरावर ती दोन्हीकडून दिसायची म्हणून जी शिस्त होती, तीच कंदिलात कामाला येते. एक पदर, फार तर दोन. आधी कागदावर वाट आखून घ्या, कारण फाटा चुकला तर परतीची घरं भरत नाहीत आणि दोरा मागून उडी मारून न्यावा लागतो.

दुसरा उपाय मुद्दाम उजेडावर विसंबणारा: शॅडो वर्क. ऑर्गंडी किंवा तलम व्हॉइलवर उलट बाजूने मच्छी टाका घट्ट घालायचा. वरून पाकळीच्या कडेला बारीक टीप दिसते आणि आतला दोरा कापडातून धूसर. दिवा लागला की पूर्ण पाकळी भरीव उठते. इस्त्रीच्या कागदांवरची मोठ्या पाकळ्यांची फुलं यासाठीच घ्या. पाकळीची रुंदी सव्वा सेंटिमीटरच्या वर नको, मागचे लांब टाके ढिले पडतात. दोरा हव्या त्या रंगापेक्षा दोन छटा गडद घ्या, कापड अर्धा रंग गिळतं.

आकार साधा चौकोनी ठेवा. चांदणीच्या कोपऱ्यात नमुना बसवताना फार कापाकापी होते. चार बाजू, प्रत्येक ८ इंच चौरस, कापड १० इंच घ्या, नमुना ५ इंचांत. भरल्यावर पेनच्या सगळ्या रेषा धुऊन काढा, पेन्सिलीची फिकट रेघसुद्धा उजेडात दिसते. कापण्यापूर्वी कापड ट्यूबलाइटसमोर धरून तपासा. मागे काही चुकलं असेल तर सुधारायची ही शेवटची संधी. शिवणी सगळीकडे एकसारख्या पाव इंच ठेवा आणि वरून गोटा लावा, म्हणजे काळा पट्टा मुद्दाम केल्यासारखा दिसतो. आत फक्त ५ वॉटचा एलईडी, बरोबर मधोमध, कापडाला कुठेही न लागेल असा. मेणबत्ती, पणती, जुना पिवळा बल्ब यातलं काही नाही.

बाकीचं थोडक्यात

अभ्र्यावर नमुना मध्यभागी नको, डोकं टेकतं तिथे गाठीचे टाके टोचतात आणि झिजतात. मोकळ्या कडेला घ्या, जुने नमुने काढलेही त्यासाठीच होते. बैठकीच्या उशीला मात्र मध्यभागी चालेल, १६ इंची उशीला ९ इंचांपर्यंत. पूजेच्या ताटावरचा रुमाल १८ इंच चौरस करा, चारही कोपऱ्यांत नमुना आणि मध्य मोकळा, कारण मध्य प्रसादावर टेकतो आणि तोच भाग वारंवार धुवावा लागतो. संक्रांतीला बोरन्हाणाचं काळं झबलं असेल तर पांढरा कार्बन, आणि मागच्या बाजूला मऊ मलमलीचं अस्तर, बाळाच्या अंगाला दोऱ्याची टोकं लागू नयेत म्हणून. गोव्यात, वसईत नाताळच्या झाडाला ३ इंची रिंगमध्येच भरून रिंगसकट टांगायची पद्धत सोयीची: मोठ्या नमुन्यातली एक घंटा किंवा एक तारा घ्या आणि मागे फेल्ट चिकटवा. रुखवतात ठेवायला मड्डम आहेच, चौकटीत.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. रंग सुटताना दिसला तर वस्तू वाळू देऊ नका. पाणी बदलत बदलत ओली ठेवा, रंग वाळला की बसला. तोरण काढल्यावर घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर, भरलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

विकण्याबद्दल: घरात वापरायला काही अडचण नाही. विकायचं असेल तर नमुना कुणाचा ते बघा. भारतात कलाकृतीचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि नाव नसलेल्या छापील नमुन्याचा प्रकाशनापासून ६० वर्षं. कोयरी, कलश, कसुतीचं गोपुर या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आकृती कुणा एकाच्या नाहीत, पण एखाद्या कंपनीच्या पत्रकावर छापलेली विशिष्ट रचना वेगळी. पत्रकावर साल असेल तर ते फोटोत येऊ द्या, आणि ज्यावर सालही नाही, नावही नाही अशी रचना विक्रीच्या मालात घेण्यापेक्षा त्यातली वेल घेऊन मांडणी आपली करा.